गीताचें मोल

धनवंताच्या घरीं जन्मास येऊन धनाचा त्याग करणाऱ्या पुरुषांच्या कथा आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ज्याच्या हातीं केवळ एक कला आहे आणि त्याच कलेवर ज्याच्या घरची चूल पेटते, त्यानें ती कला यापुढें विकावयाची नाहीं असा निश्चय करणें, ही गोष्ट निराळ्याच जातीची होय. असा निश्चय करणाऱ्या एका गायकाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव कीथ ग्रीन. तो अमेरिकेचा राहणारा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो होऊन गेला. त्याचें संगीत आपल्या प्रार्थनामंदिरांत ऐकूं येणाऱ्या ऑर्गनच्या संथ सुरांचें नव्हे; ज्याला रॉक असें म्हणतात त्या तरुण, आवेशी आणि वडील मंडळींच्या मतें कांहींशा कर्णकटु जातीचें तें होतें. सन १९८२ मध्यें तो वारला तेव्हां त्याचें वय अवघें २८ वर्षांचें होतें. त्या गोष्टीस आतां चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्या काळचे कित्येक गाजलेले गायक विस्मृतीच्या पडद्याआड गेले. पण कीथचीं गीतें ख्रिस्ती मंडळ्यांत अद्याप गाइलीं जातात, आणि त्याचा तो निश्चय विचारी मनुष्याच्या मनास अद्याप स्वस्थ बसूं देत नाहीं.

कीथचा जन्म ता. २१ ऑक्टोबर १९५३ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागांत, शीप्सहेड बे या वस्तींत झाला. त्याचें कुल यहुदी. परंतु त्याच्यावर संस्कार झाले ते ख्रिश्चन सायन्स नांवाच्या पंथाचे. हा पंथ एकोणिसाव्या शतकांत मेरी बेकर एडी या अमेरिकन बाईंनीं स्थापिला. आजार हा औषधानें नव्हे तर प्रार्थनेनें बरा करावयाचा, ही त्या पंथाची एक प्रमुख शिकवण. त्यांत येशूचें नांव मोठ्या आदरानें घेतात. परंतु तो कोण होता या प्रश्नाचें त्यांचें उत्तर इतर ख्रिस्ती मंडळ्यांच्या उत्तराहून पुष्कळच निराळें आहे. रक्त यहुदी, वाचनांत नवा करार, आणि मनांत कोणतेंच उत्तर पक्कें नाहीं, अशा तिढ्यांत हा मुलगा वाढला. पुढें हें कुटुंब अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास कॅलिफोर्निया प्रांतांत येऊन राहिलें.

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात असें म्हणतात. कीथचीं बोटें तर पाळण्यांतून बाहेर येतांच वाद्यावर पडलीं. तिसऱ्या वर्षीं तो युकुलेली हें चार तारांचें लहान वाद्य वाजवूं लागला, पांचव्या वर्षीं गिटार, आणि सातव्या वर्षीं पियानो. आठव्या वर्षीं त्यानें रंगभूमीवर काम केलें व वृत्तपत्रांनीं त्याची वाखाणणी केली. अकराव्या वर्षीं त्याच्याजवळ स्वतः रचलेलीं चाळीस गीतें तयार होतीं! सन १९६५ मध्यें डेक्का या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीनें त्याच्याशीं पांच वर्षांचा करार केला. त्याच सुमारास अमेरिकेंतील गीतकार व संगीतकार यांच्या एका प्रमुख संस्थेचा तो सभासद झाला. इतक्या कोंवळ्या वयाचा सभासद त्या संस्थेनें त्यापूर्वीं घेतला नव्हता. टेलिव्हिजनवर त्याचे कार्यक्रम झाले, तरुण मुलामुलींच्या मासिकांत त्याचीं छायाचित्रें झळकलीं. साऱ्या देशांतील मुलींचा लाडका गायक म्हणून त्याला पुढें आणावयाचें, असा कंपनीचा बेत होता.

पण तो बेत फसला. लोकांचें लक्ष डॉनी ऑस्मंड नांवाच्या दुसऱ्या एका मुलाकडे वळलें, आणि कीथ मागें पडला. ज्या वयांत आपले विद्यार्थी वार्षिक परीक्षेच्या निकालाची धास्ती घेतात, त्या वयांत या मुलानें कीर्ति पाहिली आणि ती हातांतून निसटतांनाही पाहिली. या अनुभवाचा परिणाम त्याच्या मनावर खोल झाला असला पाहिजे. बाजार माणसाला केव्हां उचलतो व केव्हां खालीं ठेवतो, आणि त्यांत त्या माणसाच्या गुणांचा संबंध किती थोडा असतो, हें त्याला मिसरूड फुटण्याच्या आधींच कळून चुकलें होतें.

पुढचीं वर्षें भटकंतीचीं गेलीं. वयाच्या पंधराव्या वर्षीं तो घर सोडून पळाला. तो काळच तसा होता. अमेरिकेंतील असंख्य तरुण तेव्हां आईबापांच्या चालीरीती, त्यांचा पैसा आणि त्यांचा धर्म यांवर रुसून बाहेर पडले होते. कोणी मादक द्रव्यांत सत्य शोधीत, कोणी पूर्वेकडील तत्त्वज्ञानांत. इंग्लंडांतील प्रसिद्ध बीटल्स मंडळी १९६८ सालीं ध्यानधारणा शिकण्यासाठीं आपल्या हृषीकेशास येऊन राहिली होती, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. कीथनें हे दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले. मादक द्रव्यांच्या एका भयंकर अनुभवानंतर तो हादरून गेला व तो नाद त्यानें सोडला. पण सोडल्यावर हातीं कांहींच उरलें नाहीं. सर्व पंथांचा, सर्व तत्त्वज्ञानांचा त्याला वीट आला. तरी एका व्यक्तीचें नांव त्याच्या मनांतून जाईना. लहानपणीं वाचलेल्या नव्या करारांतील येशूकडे तो पुनःपुन्हा वळून पाही. पाही, आणि पुन्हा दूर जाई.

याच दिवसांत मेलडी स्टायनर नांवाच्या तरुणीशीं त्याची ओळख झाली. तीही यहुदी कुळांतली, तीही गीतें रचणारी, आणि तीही त्याच्यासारखीच शोधांत असलेली. सन १९७३ च्या नाताळच्या दिवशीं त्यांचा विवाह झाला. दोघांनीं मिळून गीतें रचावीं, हॉटेलांतून व क्लबांतून गाऊन पोट भरावें, व कोणी मोठी कंपनी पुन्हा हात देते काय याची वाट पहावी, असा क्रम चालला. शेवटीं सन १९७५ मध्यें दक्षिण कॅलिफोर्नियांत व्हिनियार्ड या नांवानें नुकत्याच सुरू झालेल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीच्या अभ्यासवर्गास तीं दोघें गेलीं, आणि तेथें त्यांनीं येशू ख्रिस्ताचा तारणारा म्हणून स्वीकार केला. यहुदी घरांत वाढलेल्या माणसास हें पाऊल किती जड असतें, याची कल्पना आपल्या देशांतील ज्या कुटुंबांनीं धर्मांतराचें दुःख सोसलें आहे त्यांस सहज येईल. कीथ त्या वेळीं एकवीस वर्षांचा होता.

येथून त्याच्या आयुष्याचा खरा भाग सुरू होतो. नवा विश्वास त्यानें प्रथम गाण्यांत ओतला नाहीं. तो प्रथम घरांत आणला. सॅन फर्नांडो खोऱ्यांत त्या दांपत्याचें एक लहानसें घर होतें. मादक द्रव्यांच्या पाशांत सांपडलेले तरुण, रस्त्यावर राहणारीं मुलें, कोणाचाही आधार नसलेल्या गरोदर मुली, अशांना तीं दोघें आपल्या घरीं आणूं लागलीं. घर भरलें तेव्हां त्यांनीं शेजारचें घर विकत घेतलें. तेंही भरलें तेव्हां आणखी पांच घरें भाड्यानें घेतलीं. या कामांतूनच पुढें लास्ट डेज मिनिस्ट्रीज ही संस्था उभी राहिली. पाहुणा दोन दिवसांचा असला म्हणजे त्याचें आदरातिथ्य करणें सोपें असतें. पण ज्याची खोड मोडावयाची आहे असा पाहुणा महिनोन् महिने घरांत ठेवणें, त्याच्यासाठीं स्वयंपाक करणें, त्याच्याबरोबर रात्र जागून काढणें, हें काम किती कठीण असेल! तें त्या नवविवाहित जोडप्यानें आपण होऊन पत्करलें. कीथच्या गीतांत पुढें जो धाक व जो अधिकार ऐकूं येतो, त्याचा उगम आमच्या मतें या सात घरांत आहे.

सन १९७७ मध्यें स्पॅरो या ख्रिस्ती संगीताच्या कंपनीनें त्याचा पहिला गीतसंग्रह प्रसिद्ध केला. ज्याला ऐकण्यास कान आहेत त्याच्यासाठीं, अशा अर्थाचें त्याचें नांव होतें. दुसऱ्या वर्षीं दुसरा संग्रह निघाला. त्याचें नांव ‘नो कॉम्प्रमाइज’, म्हणजे तडजोड नाहीं. या दोन संग्रहांनीं त्याचें नांव देशभर झालें. बालपणीं जी कीर्ति पळून गेली होती ती आतां न बोलावतां दारीं आली.

त्याच्या संगीताविषयीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याच्या ध्वनिमुद्रिकांत साथीला पुष्कळ वाद्यें असत. परंतु सभागृहांत तो बहुधा एकटाच बसे. समोर पियानो, तोंडापुढें ध्वनिवर्धक, बस्स. पियानो तो मृदंगासारखा वाजवी. ताल व स्वर दोन्ही त्या एकाच वाद्यांतून उठत. आवाज उंच, थोडासा ताणलेला, आणि अगदीं उघडा. दोन गीतांमध्यें तो श्रोत्यांशीं बोले; कधीं विनोद करी, कधीं रडे, कधीं रागें भरे. आपल्याकडील कीर्तनकार पूर्वरंग व उत्तररंग यांची जशी सांगड घालतो तशी गाणें व बोलणें यांची त्यानें घातली होती. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील मेंढरें व शेरडें यांचा दृष्टांत घेऊन त्यानें एक गीत केलें आहे. त्यांत तो अर्धें गातो, अर्धें बोलतो, श्रोत्यांस हसवीत हसवीत शेवटच्या निवाड्यापर्यंत घेऊन येतो, आणि मग एकाएकीं हसूं थांबतें. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरही त्यानें एक दीर्घ रचना केली. ती बारा मिनिटांहून अधिक चालते. तिच्यांत चालीमागून चाली बदलतात, व एकच गवई मुलगा, बाप व मोठा भाऊ यांच्या मनांत क्रमानें शिरतो. रॉक संगीताला केवळ कोलाहल समजणाऱ्या वाचकांनीं ही रचना एकदां अवश्य ऐकावी.

‘नो कॉम्प्रमाइज’ या संग्रहांत एक गीत असें आहे कीं, त्यानें पुष्कळ मंडळ्यांची झोप उडविली. जग बुडत असतां आपण उजेडांत निजून राहिलों आहों, हा त्याचा विषय. दाराशीं आलेल्या गरजूला आशीर्वाद देऊन वाटेस लावणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर त्यांत जो आघात आहे तो सौम्य मुळींच नाहीं. परंतु त्याच संग्रहांत दुसरें एक अगदीं लहान गीत आहे, व त्यांत कीथ देवापुढें स्वतःच्याच हृदयाचा शुष्कपणा कबूल करतो. हीं दोन गीतें एकाच तबकडीवर आहेत ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. दुसऱ्यांवर उगारलेला आसूड त्यानें स्वतःच्या पाठीवरही ओढला होता.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. संग्रह हजारोंनीं खपत होते, सभागृहें भरत होतीं, आणि कीथ अस्वस्थ होता. ज्या सुवार्तेचें मोल देणाऱ्यानें घेतलें नाहीं, ती ऐकावयास येणाऱ्या गरीब मुलास दारावर तिकिटाचे पैसे मागावयाचे कसे? सन १९७९ मध्यें त्यानें स्पॅरो कंपनीकडे जाऊन करारांतून मोकळीक मागितली, व ती त्याला मिळाली. यापुढें आपल्या गायनास तिकीट नाहीं आणि आपल्या ध्वनिमुद्रिकांस ठराविक किंमत नाहीं, असें त्यानें जाहीर केलें. पुढचा संग्रह काढण्यास अर्थातच पैसा हवा होता. कंपनी पाठीशीं नव्हती. तेव्हां पतिपत्नींनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें.

तो संग्रह १९८० सालीं बाहेर आला. मिसर देशाच्या दास्यांतून सुटलेले इस्राएल लोक रानांत कुरकुरतात व परत जाऊं म्हणतात, या कथेवरून त्याचें नांव घेतलें आहे. रोज तोच मान्ना खाऊन कंटाळलेल्या लोकांची व त्यापासून त्यांनीं केलेल्या नाना पक्वान्नांची थट्टा त्यांतील मुख्य गीतांत आहे. बॉब डिलन या जगप्रसिद्ध कवि-गायकानें त्यांतील एका गीतास आपल्या हार्मोनिकाची साथ दिली आहे. असा संग्रह बाजारांत ठेवला असता तर पैशाची रास पडली असती. परंतु तो टपालानें मागवावयाचा, किंवा गायनाच्या ठिकाणीं घ्यावयाचा, आणि घेणाऱ्यानें आपणास परवडेल तें द्यावें. कांहींच परवडत नसेल तर कांहींच देऊं नये, असा नियम होता. मे १९८२ पर्यंत या संग्रहाच्या दोन लाखांहून अधिक प्रती लोकांस पाठविल्या गेल्या. त्यांपैकीं ६१,००० अगदीं फुकट गेल्या. गणिताचे विद्यार्थी यावरून आणखी एक गोष्ट काढतील: निदान १,३९,००० प्रतींबद्दल लोकांनीं, कोणीही मागत नसतां, कांहीं ना कांहीं पाठविलें. मनुष्यस्वभावाविषयीं निराश होणाऱ्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

पुढें त्याचे संग्रह ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत मिळूं लागले, तेव्हांही प्रत्येक कॅसेटबरोबर दुसरी एक कॅसेट मोफत देण्याची व्यवस्था होती. ती घेणाऱ्यानें स्वतः ठेवावयाची नसून मित्रास द्यावयाची होती.

हें सर्व वाचून मराठी वाचकाच्या मनांत एक जुनी आठवण जागी झाल्याशिवाय राहणार नाहीं. हरिकथा करून तिचें मोल घेणें आपल्या संतांनीं निंद्य मानिलें आहे, व तुकोबांनीं तर या बाबतींत फारच कडक भाषा वापरली आहे. दूरच्या देशांत, निराळ्या धर्मांत, पियानो बडविणाऱ्या एका केसाळ तरुणास तीच गोष्ट आपल्या परीनें सुचावी, यांत आम्हांस मोठें आश्चर्य वाटतें व समाधानही वाटतें. तथापि याची दुसरी बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. छापणारा, वाद्य वाजविणारा, टपाल वाहणारा, या सर्वांस वेतन हवें, आणि तें मागणें पाप नव्हे. शुभवर्तमान सांगणाऱ्यानें त्यावर उपजीविका करावी हें योग्यच आहे असें प्रेषित पौलानें लिहून ठेविलें. पण स्वतः मात्र त्यानें तो हक्क सोडून तंबू शिवून पोट भरलें. आम्हांस वाटतें कीं, कीथचा निश्चय या जातीचा होता. तो कायदा नव्हता. तें दान होतें. कायदा सर्वांवर लादतां येतो, दान ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.

सन १९७९ मध्येंच या मंडळीनें कॅलिफोर्निया सोडून टेक्सस प्रांतांत लिंडेल गांवाजवळ गार्डन व्हॅली येथें ४० एकर जमीन घेतली व तेथें बिऱ्हाड हलविलें. पुढें जमीन वाढत गेली. तेथून एक पत्रिका निघे. ती लोकांस मोफत जाई. लहान लहान पुस्तिका छापल्या जात. कीथ गावयास दौऱ्यावर जाई आणि उरलेला वेळ या वस्तींत घालवी.

चरित्रलेखकानें गुण तेवढे सांगावे व दोष झांकावे, ही रीत आम्हांस पसंत नाहीं. कीथच्या अंगीं उतावळेपणा होता. ज्या सत्याचा आपणास साक्षात्कार झाला तें दुसऱ्यांस तत्काळ दिसलें नाहीं तर त्याला राग येई, आणि तो राग त्याच्या बोलण्यांत व लिहिण्यांत उतरे. रोमन कॅथलिक मंडळीच्या शिकवणीवर त्यानें काढलेल्या पुस्तिकांनीं पुष्कळ श्रद्धाळू लोकांचीं मनें दुखावलीं. त्याच्या पत्नीनें १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चरित्रांत त्याच्या खासगी रोजनिशीचा उपयोग केला आहे. त्यावरून दिसतें कीं, जगाला खडसावणारा हा तरुण एकांतांत स्वतःशीं रोज झगडत असे व रोज हरत असे. आम्हांस तो यामुळें अधिक जवळचा वाटतो. ज्याचा स्वभाव जन्मतःच शांत आहे त्याची शांति पाहून कौतुक वाटतें. परंतु ज्याला ती मिळवावी लागते त्याच्यापासून शिकतां येतें.

हा झगडा व्यर्थ गेला नाहीं. सन १९८२ मध्यें निघालेला ‘सॉङ्ग्ज फॉर द शेपर्ड’ हा संग्रह ऐकला म्हणजे आसूड खालीं ठेविलेला दिसतो. मेंढपाळासाठीं गीतें, असा त्या नांवाचा अर्थ. त्यांत तेविसाव्या स्तोत्रास चाल लावली आहे. त्यांत उपदेश थोडा व स्तुति फार आहे. याच संग्रहांत ‘देअर इज अ रिडीमर’ हें गीत आहे. जगाच्या पुष्कळ भागांतील मंडळ्यांत तें आज भक्तीनें गाइलें जातें, व पुष्कळांना तें एखादें जुनें पारंपरिक स्तोत्र आहे असें वाटतें. त्याची मूळ रचना मेलडीची आहे. पतीच्या कीर्तीच्या मागें उभ्या राहिलेल्या या बाईचें गीत त्या घरच्या सर्व गीतांत अधिक चिरंजीव ठरलें, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

त्याच वर्षीं तीं दोघें युरोपांत जाऊन आलीं. तेथें मिशनरी काम करणारे तरुण त्यांनीं पाहिले, आणि दूरदूरच्या देशांत मनुष्यबळ किती थोडें आहे हें ऐकून कीथचें अंतःकरण हललें. घरीं परतल्यावर तो दुसरें कांहीं बोलेना. येत्या शरदृतूंत मोठा दौरा काढावयाचा, आणि प्रत्येक शहरांतील तरुणांना मिशनरी कार्यास बोलवावयाचें, असा त्यानें संकल्प केला.

तो संकल्प त्याच्या हातून पुरा व्हावयाचा नव्हता. ता. २८ जुलै १९८२ रोजीं संध्याकाळीं एक मित्रकुटुंब त्यांच्याकडे पाहुणें आलें होतें: नवराबायको व त्यांचीं सहा मुलें. संस्थेनें भाड्यानें घेतलेलें दोन इंजिनांचें एक लहान विमान त्या जागेवरच असे. पाहुण्यांना वरून सर्व परिसर दाखवावा, एवढाच हेतु. कीथनें आपल्या तीन वर्षांच्या मुलास व दोन वर्षांच्या मुलीस बरोबर घेतलें. वैमानिकासह बारा जीव त्या विमानांत बसले. विमान उडालें, आणि थोड्याच वेळांत पलीकडच्या झाडींत कोसळलें. बाराजणांपैकीं कोणीही वांचलें नाहीं. मेलडी घरीं होती. तिच्याजवळ एक वर्षाची मुलगी होती, आणि तिला दिवस गेले होते.

सरकारी चौकशींत असें ठरलें कीं, त्या विमानांत त्याच्या शक्तीपेक्षां अधिक भार घातला गेला होता. येथें आम्ही क्षणभर थांबतों. अशा वेळीं ईश्वरी इच्छा एवढेंच म्हणून पुढें जाण्याची आपणांस संवय आहे. परंतु वजनाचे व वाऱ्याचे नियमही त्याच ईश्वराचे आहेत, आणि ते साधूसाठीं व पाप्यासाठीं, घाईत असलेल्यासाठीं व सावध असलेल्यासाठीं सारखेच चालतात. ज्या उदार हातानें कोणालाही नाहीं म्हटलें नाहीं, त्या हातानें त्या संध्याकाळीं एवढेंच म्हणावयास हवें होतें कीं, दोन फेऱ्या करूं. हें लिहितांना आमचा हेतु दोष देण्याचा नाहीं. बारा माणसांच्या मृत्यूंतून जिवंत माणसांनीं शिकावयाचें तें शिकलें पाहिजे.

मेलडी खचली असती तर तिला कोणी नांवें ठेविलीं नसतीं. पण तिनें संस्था मिटविली नाहीं. कीथनें योजलेला दौरा त्याच्याशिवाय झाला. गांवोगांव स्मरणसभा भरल्या. पडद्यावर कीथचें बोलणें व गाणें दाखविलें गेलें. मेलडीनें स्वतः उभें राहून लोकांस आवाहन केलें, आणि पुष्कळ तरुणतरुणींनीं मिशनरी कार्यास आपलीं नांवें दिलीं. पुढच्या वसंतांत तिला मुलगी झाली. कीथनें ध्वनिमुद्रित करून ठेवलेलीं व मागें राहिलेलीं गीतें १९८३ व १९८४ सालीं प्रसिद्ध झालीं. वर सांगितलेली उधळ्या पुत्राची दीर्घ रचना त्यांतच आहे. सन २००१ मध्यें अमेरिकेंतील ख्रिस्ती संगीतकारांच्या सन्माननीय नामावळींत कीथचें नांव दाखल करण्यांत आलें. आयुष्यांत ज्यानें सन्मानाकडे पाठ फिरविली, त्याच्यामागें सन्मान असा चालत आला.

आतां शेवटचा प्रश्न. या चरित्रापासून आमच्या शाळेंतील मुलामुलींनीं काय घ्यावें? प्रत्येकानें आपली विद्या फुकट वांटावी, असें आम्ही सांगत नाहीं. तुमच्यांतील कोणी पुढें गवई होईल, कोणी वैद्य, कोणी शिक्षक, कोणी सुतार. आणि प्रत्येकास आपल्या श्रमाचें मोल घ्यावेंच लागेल. परंतु प्रत्येकाजवळ अशी एखादी वस्तु असते कीं, जी त्यानें मिळविलेली नसून त्याला दिलेली असते. कोणाचा गळा, कोणाची बुद्धि, कोणाचे सशक्त हात. त्या वस्तूचा निदान कांहीं भाग तरी किंमतीची चिठ्ठी न लावतां पुढें गेला पाहिजे. कीथनें आपला सर्वच भाग पुढें धाडला.

रोज सकाळीं प्रार्थनेच्या घंटेनंतर आपण सर्वजण मिळून गीत गातों. कित्येकदां आपलें लक्ष पहिल्या तासाच्या धड्याकडे असतें, कित्येकदां खिडकीबाहेर. तें गीत कोणीतरी रचलें, कोणीतरी त्यास चाल दिली, व आपणांकडून एक पैही न घेतां तें आपल्या ओठांपर्यंत आणून पोंचविलें. उद्यां सकाळीं घंटा होईल तेव्हां तेवढें एक लक्षांत ठेवून आपण गावें, एवढीच आमची इच्छा आहे.